लुम्रे लोक कुठून आले

हेलसिंकी, १६ फेब्रुवारी

ओअब्बा राव्दना,

अत्यंत जड अंतःकरणाने आणि त्याहून जड पोटाने ही तक्रार ओअब्बाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, दरबारी दाखल करीत आहे.

दर फेब्रुवारीत तुझ्याकडून एक बुटांचं खोकं येतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तुझ्या कोठाराच्या भिंतीला वाऱ्यावर टांगून वाळवलेलं रेनडिअरचं मांस असतं. ते मी सुरीने तासून कॉफीत टाकतो, आणि संस्कृत विभागाच्या जिन्यातच लोकांना वासावरून कळतं की आज प्रोफेसर खुशीत आहेत. यंदाही खोकं आलं. दोरी तीच, गाठही तुझीच. आत मात्र निळ्या प्लास्टिकातला कारखान्याचा सॉसेज निघाला, आणि त्यावर दुकानाचं लेबल जसंच्या तसं.

हा सॉसेज माझ्या घराखालच्या दुकानात मिळतो. म्हणजे तो इथेच दक्षिणेत तयार झाला, हजारावर किलोमीटर वर उत्तरेला तुझ्या गावी गेला, तिथे तुझा हस्तस्पर्श होऊन पावन झाला आणि टपालाने माहेरी परत आला. एवढी पायपीट माझ्या कादंबरीतल्या लुम्रे लोकांनीसुद्धा केलेली नाही.

आमचे जुने टीकाकार कोड्यात पडले की शब्दाचे तीन अर्थ लावायचे. मीही लावून पाहिले. पहिला अर्थ, पाकीट बदललं. तुझ्या हातून तसं होत नाही; कळपातल्या शंभर माद्यांच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा तू लांबून ओळखतेस. दुसरा अर्थ, मांस संपलं. तेही नाही, कारण गावातल्या म्हाताऱ्या बिएराने फोनवर ‘यंदा राव्दनाचं मांस काय झकास वाळलंय’ असं मुद्दाम दोनदा सांगितलं. उरला तिसरा अर्थ. तो मी लावत नाही. टीकाकारसुद्धा जिथे अडचण असते तिथे ‘स्पष्टम्’ एवढंच लिहून पुढे सरकतात.

जानेवारीतल्या जनसुनावणीचा याच्याशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही. सभा तर छान झाली. लोक हसले.

तुझा भाऊ,
इस्सात

ता. क. सॉसेज खाल्ला. बेचव होता.


हेलसिंकी, २ मार्च

ओअब्बा राव्दना,

तुझं कार्ड मिळालं. मागे टेकडीवरच्या रेनडिअरचं रंगीत चित्र, म्हणजे पेट्रोलपंपावर पर्यटकांसाठी ठेवलेल्या कार्डांतलं सगळ्यात भिकार तू शोधून काढलंस. त्यावर तीन ओळी. ‘सॉसेज चांगला आहे. तिकडच्या माणसांना तोच मानवतो. ते पुस्तक तुओमो सगळ्यांना दाखवत फिरतोय, पहिल्या पानावर तुझी सही आहे.’

तुझं अक्षर दिवसेंदिवस वाईट होत चाललंय. वाचायला मला अख्खी दुपार लागली.

सहीचं म्हणतेस, तर झालं ते असं. तू तिथेच होतीस, तरी सांगतो. कागदावर उतरवल्यावर ते कसं दिसतं ते मलाच पाहायचंय.

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. समोर पवनचक्कीच्या कंपनीची माणसं, भिंतीवर लुओव्दे पठाराचा नकाशा, नकाशावर चक्क्यांचे लाल ठिपके. कोपऱ्यात दुभाषी सिग्गा, आणि प्रत्येकाच्या खुर्चीवर कानाला लावायचं यंत्र. मी सुट्टीला आलो होतो म्हणून आलो. खरं तर तू ‘ये’ म्हणालीस म्हणून आलो, आणि मागच्या रांगेत बसलो.

तू उठलीस आणि सामीत, आईच्या भाषेत, बोललीस. कंपनीवाल्यांनी घाईघाईने यंत्रं कानाला लावली.

“या पठारावर माझ्या माद्या वितात,” तू म्हणालीस. “माझ्या आईच्या इथेच व्यायच्या, तिच्या आईच्याही. वासरू पडताना मादीला आवाज खपत नाही, माणसाचासुद्धा नाही. आम्ही त्या दिवसांत तिथे शिंकतही नाही. आणि तुम्ही तिथे फिरणारी झाडं लावणार.”

मग कंपनीचा तो तुओमो उठला. तरुण, गोरागोमटा, स्वेटर घातलेला. वाईट माणूस नाही गं तो, हीच तर पंचाईत आहे.

“बाई, आम्ही कुणाला हाकलायला आलेलो नाही,” तो फिन्निशमध्ये म्हणाला. “उलट मी तुमच्या भावाचा भक्त आहे.” त्याने पिशवीतून माझा पहिला खंड काढला, कोपरे झिजलेला. “यात शेवटी परिशिष्ट आहे, ‘लुम्रे लोकांचे मूळ व भाषा’. मी ते गोष्टीपेक्षा जास्त वेळा वाचलंय. लुम्रे गोठलेला समुद्र ओलांडून आले, आधीच्या पाषाणलोकांना डोंगरात रेटलं आणि चार पिढ्यांनी म्हणायला लागले, हे आमचंच. काय प्रोफेसर? शेवटी सगळेच कुठून ना कुठून आलेले, नाही का?”

सगळ्या माना मागे वळल्या. आणि मी, ज्याला वर्गात कुणी जांभई दिली तरी विनोद सुचतो, तो मी म्हणालो, “कादंबरीतले लोक प्रकाशक सांगेल तेव्हा येतात. त्याहून उशिरा आले तर मानधन कापतात.”

हशा झाला. चांगला मोठा झाला. तूच तेवढी हसली नाहीस. पण तू माझ्या विनोदांना लहानपणापासून हसत नाहीस, त्यामुळे मी ते मोजलं नाही.

नंतर कॉफीच्या टेबलाशी तो पुस्तक घेऊन आला. मी सही केली. वर लुम्रे भाषेत अभिवादनही लिहिलं. सवय, दुसरं काय.

मला वाटतं तुझा राग वेगळाच आहे, आणि तो रास्त आहे. लुम्रे लोक तुझे. पुस्तकावर नाव माझं. मुलाखतींत मी सांगतो की एका हिवाळ्यात खिडकीशी बसलो असता ते मला दिसले. आमच्याकडे वेदांना अपौरुषेय म्हणतात, म्हणजे ते कुणी रचलेलेच नाहीत. फार सोयीची कल्पना आहे. मी ती तुझ्या लोकांना लावून टाकली. तेव्हा आता असं करतो. नवी आवृत्ती निघते आहे, तिच्या मुखपृष्ठावर तुझं नाव घालतो. माझ्याआधी. ठळक अक्षरात. बोल, चालेल?

तुझा,
इस्सात


हेलसिंकी, १९ मार्च

ओअब्बा राव्दना,

या वेळच्या कार्डावर मासा आहे. ‘नाव नको. शब्द घेतलेस तर घेतलेस, मला का त्यांचं लोणचं घालायचं होतं? पण ते कुठून आले हे तुला विचारलं होतं कुणी?’

विचारलं होतं, राव्दना. प्रकाशकाने. तो म्हणाला, “लोकांना नकाशा लागतो आणि उगम लागतो. उगम नसलेले लोक विकत नाहीत.” मी संस्कृतचा माणूस; उगम म्हटला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. एका उन्हाळ्यात मी परिशिष्ट लिहून टाकलं. एक आदिभाषा बनवली, तिच्यापासून लुम्रे कशी झाली त्याचे ध्वनिनियम बनवले, आणि त्या नियमांना अपवादही ठेवले, म्हणजे खरं वाटावं. एका परदेशी विद्वानाने मला पत्र लिहून कळवलं की अपवाद विशेष पटले. मी ते पत्र चौकटीत लावणार होतो.

तू एकही नियम केला नव्हतास. छे, एक केला होतास.

परवा बिएराचा फोन आला. तुझ्या कळपाची, आपल्या गुडघ्याची आणि सरकारची अशी सगळी खबर देऊन झाल्यावर म्हणाला, “इस्सात, त्या सभेत मी यंत्र कानाला लावूनच बसलो होतो.”

“तुम्हाला फिन्निश माझ्याहून चांगली येते, बिएराकाका.”

“येते ना. पण हक्क आहे म्हटल्यावर लावायचं. सरकारने दिलेलं यंत्र, बॅटरी भरलेली. तर मी तुला त्यातून ऐकलं. आवाज सिग्गाचा होता. पोरीने इमानदारीने सगळं सामीत करून सांगितलं, तुझा तो विनोदसुद्धा. सामीत तो काही जमला नाही बघ.”

मी म्हटलं, “विनोदाचं भाषांतर अवघड असतं.”

“असेल. मी आपला म्हातारा, मला वाटलं यंत्र बिघडलं. एर्केचा पोरगा बोलतोय, आणि तो मला दुभाषीकडून ऐकावा लागतोय. म्हटलं बॅटरी गेली असेल.” मग थोडा खोकला. “जून महिन्यात येणारेस का वासरांच्या कानांवर खुणा कापायला? सुरी धरता येते ना अजून? का तिचंही परिशिष्ट काढलंस?”

फोन ठेवल्यावर मी खिडकीशी बसलो. लुम्रे लोक काही दिसले नाहीत.

तुझा नियम मला पूर्ण आठवतो. वसतिशाळेतलं माझं पहिलं वर्ष. तू नऊची, मी सातचा. सामी शब्द तोंडातून गेला की जेवणानंतर कोपऱ्यात उभं राहायचं. म्हणून तू लुम्रे काढलेस, आणि त्यांची बोली काढलीस, पांघरुणाखाली. मेट्रनने एकदा पकडलं आपल्याला.

“काय बोलताय? लॅपिश?” सामीला ती लॅपिश म्हणायची.

“नाही बाई,” तू म्हणालीस. “हे काहीच नाहीये.”

‘काहीच नाही’ला शिक्षा नव्हती. नियमावलीत बसेना. ती बिचारी दिवा मालवून निघून गेली. भाषाशास्त्राच्या इतिहासात इतक्या चोख कारणासाठी निघालेली दुसरी भाषा मला माहीत नाही.

मग तो भूगोलाचा तास. भिंतीवर नकाशा, उरल पर्वतापासून आपल्या गावापर्यंत आलेला एक जाड लाल बाण. मास्तरांनी छडी बाणाच्या शेपटीवर टेकवून मला विचारलं, “तुम्ही लोक कुठून आलात?” मी म्हटलं, “पूर्वेकडून, सर.” त्यांनी माझी पाठ थोपटली. मी इतका खूश होतो की धावत येऊन तुला सांगितलं.

तू म्हणालीस की आजपासून लुम्रेंचा एक कायदा. त्यांना कुठून आलात असं विचारायचं नाही. कुणी विचारलंच, तर लुम्रेने एवढंच सांगायचं: ‘तुम्ही दार उघडून आलात तेव्हा आम्ही आत झोपलेलो होतो.’

माझ्या पुस्तकात, पहिल्या पानाच्या आधी, दुमडलेला नकाशा आहे. त्यावर गोठलेला समुद्र आहे आणि समुद्रावरून आलेला एक बाण आहे. चित्रकाराने बारीक काढला होता. मीच सांगितलं, जाड करा.

पुढच्या आवृत्तीत बाण काढून टाकतो. चालेल?

इस्सात


हेलसिंकी, ६ एप्रिल

ओअब्बा राव्दना,

कंपनीचा अहवाल मलाही आला. तुओमोने स्वतःहून पाठवला, ‘आपल्या माहितीसाठी, आदरपूर्वक’. चांगल्या कागदावर छापलाय. पठाराची चित्रं आहेत. त्यातलं एक इतकं सुरेख आहे की क्षणभर वाटलं, इथे खरंच काहीतरी बांधायला हवं.

‘सांस्कृतिक बाबी’ या भागात तुझ्या बोलण्याचा दीड ओळीत सारांश आहे. ‘एका स्थानिक पशुपालक महिलेने भावनिक चिंता व्यक्त केली.’ त्याखाली चौकट. ‘त्याच कुटुंबातील, सामी वंशाच्या एका ज्येष्ठ भाषातज्ज्ञांनी सुनावणीत मान्य केले की तत्त्वतः उत्तरेकडील सर्वच लोकसमूह अन्य प्रदेशांतून आलेले आहेत.’

मी दोन मार्चच्या पत्रात तुला सगळं लिहिलं नव्हतं. तू तिथे होतीस, तुला ठाऊकच होतं, आणि तरी मी ते गाळलं. हशा ओसरल्यावर तो तुओमो म्हणाला होता, “पण तत्त्वतः हो ना, प्रोफेसर?” आणि मी म्हणालो होतो, “तत्त्वतः, हो.”

हे मी का म्हणालो याचा खूप विचार केला. शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. हिमयुगात तिथे बर्फाशिवाय कुणीच नव्हतं. पण मी काही हिमयुगाचा विचार करून बोललो नव्हतो. समोरचा माणूस छडी टेकवून उत्तराची वाट बघत होता आणि मला उत्तर येत होतं. पाठ थोपटून घ्यायला मी पन्नाशी उलटल्यावरही तयार असतो, एवढाच त्याचा अर्थ. बाकी ‘स्पष्टम्’.

अहवाल वाचून मी कंपनीला पत्र पाठवलं. फिन्निशमध्ये, चार पानी, संदर्भांसकट. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, विनोद म्हणजे साक्ष नव्हे, आणि हिमयुगाचा दाखला चराईच्या हक्काला लागू होत नाही. तुओमोचं उत्तर दुसऱ्याच दिवशी. ‘आपला मुद्दा मोलाचा आहे. तोंडी विधान तोंडीच मागे घ्यावं लागतं, तरी पंधरा एप्रिलच्या शेवटच्या सुनावणीत आपण ते मांडलंत तर नोंद होईल. दुसरा खंड सोबत आणू का?’

आणि काल तुझा फोन. तू फोन करत नाहीस. घंटी वाजली तेव्हा मला वाटलं बिएरा गेला.

ते तुझं बोलणं मी विसरणार नाही, तरी इथे लिहून ठेवतो, कारण फोनवर मी नीट उत्तरं दिली नाहीत.

“अहवाल वाचलास?” तू विचारलंस.

“वाचला. मी त्यांना चार पानी—”

“चार पानं कोण वाचतंय? ती चौकट वाचली सगळ्यांनी. दुकानात लावलीये कुणीतरी. परवा त्या दुकानवालीचा नवरा मला म्हणतो, काय राव्दना, समुद्रावरून कधी आलात, थंडी होती का?”

मला हसू आलं. मी दाबलं. तुला ते ऐकू गेलं असणार.

“हस,” तू म्हणालीस. “मीही हसले असते. पण माद्या आत्ताच वर निघाल्यात, इस्सात. पोटं खाली टेकलीत त्यांची. त्यांना कुणी सांगायचं की तत्त्वतः तुम्ही दुसरीकडच्या?”

“मी येतो. पंधराला येतो. सांगतो सभेत की ते विधान मागे घेतोय.”

“कोणत्या भाषेत?”

मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे फिन्निशमध्ये सांगणार असशील तर तिकिटाचे पैसे वाचव. ते तुझं त्यांच्याशी बोलणं झालं. एक विद्वान दुसऱ्यांना सांगणार, माफ करा, शब्द जरा इकडचा तिकडे झाला. माझ्या शेजारी उभा राहा आणि आईच्या भाषेत सांग. त्यांना लावू दे कानाला यंत्रं. तुझं बोलणं एकदा तरी त्यांना सिग्गाकडून ऐकू दे, आम्हाला नको.”

“राव्दना, कायदेशीरदृष्ट्या भाषेने काहीच फरक—”

“पाच वाक्यं,” तू म्हणालीस. “दहा नाही मागत. तुझी ती मेलेली भाषा तासन्‌तास बोलतोस म्हणे. आमची पाच वाक्यं बोल.”

मी म्हटलं, बघतो. ‘बघतो’ म्हणालो. बहीण पाच वाक्यं मागतेय आणि भाऊ ‘बघतो’ म्हणतोय, प्रवेश मागायला आलेल्या विद्यार्थ्याला म्हणावं तसा. तू फोन ठेवलास. तो बरोबरच ठेवलास.

मी तिकीट काढलंय.

इस्सात


इवालो, १४ एप्रिल

राव्दना,

विमान वेळेवर उतरलं, बस मात्र दुपारी आहे. विमानतळाजवळच्या खानावळीत बसलोय. रेनडिअरचं कालवण मागवलं, वर लिंगनबेरीचा मुरंबा. शेजारच्या टेबलावर दोन पोरी आहेत, दक्षिणेतल्या तांपेरेकडच्या असाव्यात, पाठीवर बर्फातल्या सहलीच्या पिशव्या. मघाशी एकीने दुसरीच्या हातातली बशी ओढली आणि तिला लुम्रे भाषेत शिवी दिली. माझ्या पुस्तकातली. म्हणजे तुझी, मेट्रनसाठी केलेली. उच्चार अगदी स्वच्छ. मी मान खाली घालून कालवण खाल्लं.

हे पत्र टपालात टाकत नाही. पोचायच्या आधी मीच पोचेन. बसमधून उतरल्यावर तुझ्या हातात देईन आणि तू वाचेस्तोवर कोठाराकडे जाऊन उभा राहीन. समोरासमोर सांगता येत असतं तर लिहिलंच नसतं.

नऊ दिवस मी ती पाच वाक्यं तयार करतोय. आधी फिन्निशमध्ये लिहिली. फार चांगली झाली. इतकी की तिसऱ्या वाक्यात एक कोटीसुद्धा आली, ती मी खोडली. मग ती सामीत करायला बसलो.

माझ्यापाशी शब्दकोश आहे, विभागाच्या ग्रंथालयातून आणलाय. तुझी कार्डंही मी त्याच्याच मदतीने वाचत आलो. तुझं अक्षर अजिबात वाईट नाही, शाळेत होतं तसंच आहे, गोल आणि मोठं. दुपार लागायची ती शब्द शोधायला. ‘मानवतो’ हा शब्द मला येत नव्हता. ‘लोणचं घालणं’ तर मी आठवडाभर खरोखरच लोणचं समजत होतो, आणि तू मला कुठली पाककृती विचारतेयस याचा विचार करत होतो. शेवटी सिग्गाला फोन करून विचारलं. तिने सांगितलं, हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

आपण फोनवर बोलतो तेव्हा तू सामीत बोलतेस, मी फिन्निशमध्ये. ही पत्रंही फिन्निशमध्येच. इतकी वर्षं तुला वाटतं की मी तुला चिडवतोय, किंवा शहराची ऐट करतोय. सुट्टीला आलो की मी दुकानात, चर्चमध्ये, बिएराच्या ओसरीवर फिन्निश बोलतो, आणि लोक म्हणतात, प्रोफेसरला आता आपल्या भाषेत बोलायला कमीपणा वाटतो. मी ते म्हणू दिलं. गर्विष्ठ म्हणवून घ्यायला मला कधीच फारसं लागलं नाही. खरं बाहेर येण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं.

खरं हे की मी सात वर्षांचा असताना ती बोली जिथे सोडली तिथेच ती आहे. मला भूक लागली म्हणता येतं. थंडी वाजते म्हणता येतं. कुत्रा, आई, मासा, झोप, नको, पुन्हा सांग. वासरू म्हणता येतं, पण पोटातलं वासरू वेगळं, पडलेलं वेगळं, वर्षाचं वेगळं. ते शब्द मला ऐकू येतात, तोंडात येत नाहीत. हक्क हा शब्द येत नाही. ‘विधान मागे घेणे’ याला काय म्हणतात हे शब्दकोशात बघावं लागलं, आणि त्यात तीन पर्याय होते, त्यातला माणसं बोलतात तो कोणता हे मला कळलं नाही. कुणाला विचारायचं? तुला विचारणार कसं?

गंमत पाहा, फिन्निश सोडली तर मला दोन भाषा कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बोलता येतात. एक बोलणारे हजारो वर्षांपूर्वी गेले, आणि दुसरी बोलणारे कधी जन्मलेच नव्हते, आता तांपेरेच्या पोरी बोलतात. ज्या भाषेचे लोक अजून जिवंत आहेत, एका व्यायामशाळेत मावतील एवढे का होईना, आणि माझी वाट बघत बसणार आहेत, ती मला येत नाही.

मी पुस्तकात ते परिशिष्ट का लिहिलं असेल याचा आज इथे बसून विचार केला. प्रकाशकाने मागितलं हे खरं. पण एखाद्या भाषेचं मूळ, तिचे नियम, अपवाद हे सगळं सांगत बसलं की ती बोलून दाखव असं कुणी म्हणत नाही. माझी सगळी विद्या बहुधा तेवढ्यासाठीच झाली.

उद्या मी सभेला येईन. तुझ्या शेजारी उभा राहीन. पाच वाक्यं कागदावर आहेत, पाठही केलीत, विमानात माझे ओठ हलत होते म्हणून शेजारच्या बाईंनी मला पाणी विचारलं. कंपनीची मला भीती नाही. तुओमो दुसरा खंड घेऊन आला तर मी त्यावर सही करणार नाही. पठार जाईल की राहील ते माझ्या पाच वाक्यांवर नाही हे तुलाही ठाऊक आहे, मलाही, तरी ती बोलायला हवीत हे मला पटलंय.

भीती एकच आहे. मी उठेन, सगळ्या माना वळतील, तुओमो आणि त्याची माणसं यंत्रं कानाला लावतील, सिग्गा तिच्या कोपऱ्यात माझ्या पहिल्या शब्दाची वाट बघेल, बिएरा यंत्र काढून मांडीवर ठेवेल, आणि मी तोंड उघडेन तेव्हा सात वर्षांच्या पोराचा आवाज येईल, अडखळत, चुकत. आणि तू, सगळ्यांच्या आधी तू, ओळखशील की हा गर्विष्ठ नव्हताच कधी.

मला आपली भाषा येत नाही, राव्दना. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

इस्सात